भुसावळच्या उन्हात बंद पडणारा संगणक: लिनक्सवर मदरबोर्डचे सेन्सर लावतानाच्या नोंदी

आमच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे. इंटेल कोअर आय५-३४७०, म्हणजे २०१२ सालचा चार कोअरचा, ७७ वॉटचा प्रोसेसर; बी७५ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, प्रोसेसरसोबत आलेलाच पंखा आणि डेबियन १२ हे लिनक्स. वाचनालयाचे जुने छापील वार्षिक अहवाल आणि स्मरणिका स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रामने त्यांचं मराठी ओसीआर करायचं, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर काढायचं, काम मी त्याच्यावर घेतलं आहे. कागद पिवळे पडलेत, कडा हाताला भुगा होऊन लागतात. हे काम या वर्षी झालं नाही तर काही अंक वाचायलाच उरणार नाहीत, म्हणून मी घाईत आहे.

नोंदी वहीत केल्या होत्या, त्याच इथे उतरवते आहे. आदेश आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं लागतील.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

आठवड्यात तिसऱ्यांदा दुपारी मशीन एकदम बंद. खोलीतले दिवे चालू, छताचा पंखा चालू, इन्व्हर्टरची शिट्टी नाही, म्हणजे वीज गेली नव्हती. दर वेळी वेळ साधारण दोन ते चार. चार पानं एकदम ओसीआरला लावलेली असतात तेव्हाच हे होतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "उन्हानं तापत असेल गं, माणसं तापतात तर ते यंत्र आहे." माझाही तोच समज. पण किती तापतंय ते बघायला हवं.

सेन्सरचे आकडे दाखवणारं एलएम-सेन्सर्स पॅकेज बसवलं. 'सेन्सर्स' चालवलं तर दोनच गट दिसले: एसीपीआयटीझेड आणि कोअरटेम्प. कोअरटेम्प हा प्रोसेसरच्या पोटातला सेन्सर, पॅकेज ५८ अंश, धोक्याची मर्यादा १०५. एसीपीआयटीझेडमध्ये दोन तापमानं: २७.८ आणि २९.८. मी समजले, हे मदरबोर्डचं. 'बोर्ड थंड आहे' असं वहीत लिहूनही टाकलं.

मग 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवलं. तो एकेक प्रश्न विचारतो, मी प्रत्येकाला एंटर मारत गेले. सुपर आयओ चिपच्या प्रश्नावर त्याला बोर्डवरची आयटीईची आयटी८७२८एफ चिप सापडली, पत्ता २२८, ड्रायव्हर आयटी८७. बरं वाटलं. पंखे, व्होल्टेज, बोर्डचं तापमान हे सगळं याच चिपकडे असतं.

मशीन रीस्टार्ट केलं. काहीच बदल नाही. तेच दोन गट.

वीस मिनिटं गेल्यावर कारण कळलं. 'सेन्सर्स-डिटेक्ट'चा शेवटचा प्रश्न असतो, ड्रायव्हरचं नाव '/ईटीसी/मॉड्यूल्स' फाइलीत लिहू का? बाकी जवळपास सगळ्या प्रश्नांचं ठरलेलं उत्तर 'हो' असतं, याचं मात्र 'नाही'. एंटर मारत गेलं की चिप सापडते आणि नोंद कुठेच होत नाही. या शेवटच्या प्रश्नाला हाताने 'यस' टाइप करा.

१३ एप्रिल, रविवार

काल रात्री मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट लावली होती: एसीपीआयटीझेडचं तापमान ६० च्या वर गेलं की ओसीआर थांबवायचं. आज दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं, स्क्रिप्टला काही पत्ताच नाही. नोंदींची फाइल उघडली. सकाळी सातला २७.८. दुपारी एकला २७.८. बंद पडायच्या आधीच्या मिनिटाला २७.८.

भिंतीवर एक साधा थर्मामीटर आहे, कुठल्याशा औषध कंपनीची भेट. त्यात खोलीचं तापमान ४१. बंद कॅबिनेटमध्ये, चालू प्रोसेसरच्या शेजारी असलेली वस्तू खोलीपेक्षा तेरा अंशांनी थंड असूच शकत नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, कुणीतरी दोन ठरीव आकडे लिहून ठेवलेत आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) ते निमूटपणे दाखवतो आहे.

माझा एक दिवस यात गेला. तुमच्याकडे सेन्सर लावलात की भरवसा ठेवण्याआधी दोन गोष्टी बघा. आकडा खोलीच्या तापमानापेक्षा कमी आहे का? आणि मशीनवर भार टाकला, काढला की तो हलतो का? न हलणारा आकडा फेकून द्या.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती, वाचनालय बंद. चौकातल्या मिरवणुकीची तयारी ऐकत दिवसभर याच कामात होते.

'मॉडप्रोब आयटी८७' हा ड्रायव्हर सुरू करायचा आदेश दिला. उत्तर: 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, पाहिलं तर एसीपीआयची (बायोस आणि लिनक्समधला दुवा) सूचना, की या ड्रायव्हरला हवा असलेला पत्त्यांचा पट्टा एसीपीआयच्या एका भागाशी भिडतो आहे.

पहिला प्रयत्न चुकीचा. कुठेतरी वाचलं होतं की आयटी८७ ला 'फोर्स_आयडी' द्यावा. तो दिला, वेगवेगळे आकडे देऊन पाहिले, तासभर गेला. प्रत्येक वेळी तेच 'बिझी'. नंतर उमगलं की 'फोर्स_आयडी' फक्त चिपची ओळख बदलतो. चिप ओळखू येत नसेल तेव्हा त्याचा उपयोग. माझी चिप तर नीट ओळखली गेली होती, अडचण जागेच्या भांडणाची होती.

दुसरा प्रयत्न. कर्नलच्या माहितीत आयटी८७ चा एक पर्याय आहे, 'इग्नोर_रिसोर्स_कॉन्फ्लिक्ट=१'. तो दिला. 'डीमेसेज' म्हणतो, हा पर्याय अनोळखी आहे, दुर्लक्ष केलं. आणि पुन्हा 'बिझी'. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, हा पर्याय त्याच्यानंतर आला.

तिसरा प्रयत्न, सगळीकडे सांगितला जातो तो: कर्नलला सुरू होतानाच 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' देणं. मी तो ग्रबच्या (मशीन लावताना कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) फाइलीत कायमचा लिहिला नाही. ग्रबच्या यादीत 'ई' दाबून त्या एका वेळेपुरता ओळीच्या शेवटी जोडला. मशीन सुरू झालं, 'मॉडप्रोब आयटी८७' निमूट गेलं आणि 'सेन्सर्स'मध्ये नवीन गट दिसला. नऊ व्होल्टेज, पाच पंखे, तीन तापमानं.

हे भांडण नेमकं कशाचं ते इथे लिहिते, कारण 'लॅक्स लाव, चालतं' एवढंच सांगणं मला बरं वाटत नाही. या चिपशी बोलायला दोन पत्ते आहेत, २२डी आणि २२ई. पहिल्यावर लिहायचं की मला कितव्या नंबरचं रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकड्याचा कप्पा, हवंय. दुसऱ्यावरून त्याचं मूल्य वाचायचं किंवा त्यावर लिहायचं. वाचनालयाच्या खिडकीसारखं आहे हे: मी 'क्रमांक ४० चं पुस्तक' म्हणाले आणि हात पुढे करायच्या आत मागून कुणी 'क्रमांक १२' ओरडलं, तर माझ्या हातात १२ येणार. बायोसचा एसीपीआय कोड आणि लिनक्सचा ड्रायव्हर दोघंही एकाच वेळी खिडकीवर आले तर वाचताना चुकीचा आकडा मिळेल. लिहिताना मात्र पंख्याच्या वेगाची किंमत भलत्याच रजिस्टरमध्ये जाऊ शकते. कर्नल अडवतो ते यासाठी. आणि 'लॅक्स' हा अडसर फक्त या चिपसाठी नाही, सगळ्या ड्रायव्हरांसाठी सैल करतो. तात्पुरतं ठीक, कायमचं नको. याचा नीट उपाय पुढे २० तारखेला केला.

१७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी दोन तास मिळाले. आता आकडे आहेत, पण नावं नाहीत. 'टेम्प१, टेम्प२, टेम्प३, फॅन१, फॅन२...' बोर्डवर कुठली तार चिपच्या कुठल्या पायाला जोडली ते बोर्ड बनवणाऱ्याला माहीत. ड्रायव्हरला ते कळायला मार्ग नाही.

टेम्प१: ४६, थर्मिस्टर. बोर्डवरचा असावा, कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅनचा वारा सोडला तर हळूहळू ४३ वर आला. खरा आहे.

टेम्प२: उणे ८. भुसावळात एप्रिलमध्ये उणे ८! त्या पायाला काहीच जोडलेलं नाही, तार मोकळी आहे. गाळला.

टेम्प३: प्रकार 'इंटेल पेसी', म्हणजे प्रोसेसर स्वतःचं तापमान चिपला कळवतो तो मार्ग. कोअरटेम्पच्या पॅकेजशी एक-दोन अंशांनी जुळतो, भार टाकला की दोघं बरोबर चढतात. खरा.

पंखे ओळखायला मशीन बंद करून एकेक पंख्याची पिन काढली आणि सुरू केल्यावर कुठला आकडा शून्य होतो ते पाहिलं. प्रोसेसरच्या पंख्याची पिन काढून असं करू नका, त्याची गरजही नाही; बाकीचे ओळखले की उरतो तो तोच. फॅन१ प्रोसेसरचा, फॅन२ मागच्या जाळीचा. उरलेले तीन मोकळे.

'इन्ट्रूजन०'वर 'अलार्म' सतत लाल. झाकण उघडल्याची सूचना आहे ही. या कॅबिनेटला तसा स्विचच नाही, त्यामुळे ती कधीच जाणार नाही. गाळली.

हे सगळं '/ईटीसी/सेन्सर्स.डी/' मध्ये नवी फाइल करून लिहिलं. मूळ 'सेन्सर्स३.कॉन्फ'ला हात लावायचा नाही, पॅकेज अपडेट झालं की त्यातला बदल जातो किंवा गोंधळ होतो. माझी पहिली फाइल चाललीच नाही, कारण मी थेट 'लेबल' ओळींनी सुरुवात केली होती. आधी 'चिप "आयटी८७२८-*"' ही ओळ हवी, तिच्याखालच्या ओळी त्या चिपला लागू होतात.

एक गोष्ट सांगायची राहिली: व्हीबॅट. बोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचं व्होल्टेज २.५९ दिसलं. सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. घड्याळ मागे पडतं अशी ग्रंथपालबाईंची तक्रार होतीच. ४० रुपयांचा सेल आणून बदलला, आता ३.१४. हा आकडा सतत ताजा होत नाही, मशीन सुरू झालं तेव्हाचाच दाखवत राहतो. सारखं मोजल्याने सेलचं आयुष्य कमी होऊ शकतं, म्हणून ड्रायव्हरने मुद्दाम तसं ठेवलं आहे.

१९ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस व्होल्टेजचा.

चिपला १२ व्होल्ट थेट मोजता येत नाहीत. तिची झेप ३.०६ व्होल्टपर्यंतच, १२ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. म्हणून बोर्डवर दोन रेझिस्टर लावून १२ चे तीनच्या आत आणतात आणि ते चिपला देतात. परत गुणायचं काम आपलं, फाइलीतल्या 'कम्प्यूट' ओळीने. किती पट गुणायचं हे त्या दोन रेझिस्टरांवर ठरतं, आणि ते बोर्डागणिक वेगळे.

मी दुसऱ्या एका बोर्डाची तयार फाइल उचलली. त्यात इन२ साठी, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेच्या आकड्यासाठी, सहापट होतं. 'सेन्सर्स'ने सांगितलं, १२ व्होल्टच्या तारेवर १७.५७ व्होल्ट. तसं खरंच असतं तर हे मशीन सुरूच राहिलं नसतं. दुसऱ्याची फाइल नुसती उचलू नये हा धडा मला तिथेच मिळाला.

समोर इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथल्या दादांकडून मल्टिमीटर मागितला तर ते स्वतःच सोबत आले. मी लाल पिन आधी लावायला गेले तर म्हणाले, "ताई, काळी आधी, काळ्या तारेत घट्ट बसवा. मग एका हातानं लाल. दुसरा हात मागं." एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणारा डबा) मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी तार १२ ची, लाल ५ ची, मधल्या दोन काळ्या. काळी पिन आत ढकलताना ती कनेक्टरच्या पत्र्याला घासल्याचा बारीक आवाज येतो, तोवर ढकलायची. नाहीतर आकडा नाचत राहतो.

मीटर: ११.९८. त्याच क्षणी इन२ चा कच्चा आकडा २.९२८. भागाकार ४.०९. लाल तारेवर ५.०६, इन३ कच्चा २.९५२, म्हणजे १.७१४ पट. बायोसमधल्या आरोग्याच्या पानावर १२ ची ओळ आहे, तिथेही ११.९८ च्या आसपास. तीन ठिकाणी जुळलं, मग फाइलीत लिहिलं: 'कम्प्यूट इन२ @*४.०९, @/४.०९'. स्वल्पविरामानंतरचा उलटा हिशेब विसरू नका, मर्यादा ठरवताना तो लागतो.

एटीएक्सच्या नियमाप्रमाणे १२ ची तार पाच टक्के वर-खाली चालते, म्हणजे ११.४० ते १२.६०. त्या मर्यादा 'सेट' ओळींनी लिहिल्या आणि 'सेन्सर्स -एस' दिलं. हा आदेश रूट (प्रशासक) म्हणूनच द्यावा लागतो.

बारा मिलिव्होल्टची पायरी गुणिले ४.०९, म्हणजे हा आकडा साधारण ४९ मिलिव्होल्टच्या उड्या मारत बदलतो. ११.९८ वरून थेट ११.९३. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मोजपट्टीच तेवढी जाड आहे.

दादांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या मुलीला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवी होती, तिचं सभासदत्व त्याच दिवशी करून दिलं.

२० एप्रिल, रविवार

बुकवर्मच्या, म्हणजे डेबियन १२ च्या, बॅकपोर्ट्समधून (नव्या आवृत्त्यांचा साठा) ६.१२ कर्नल बसवला. 'लॅक्स' न देता सुरू केला आणि '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/' मध्ये एक ओळ: 'ऑप्शन्स आयटी८७ इग्नोर_रिसोर्स_कॉन्फ्लिक्ट=१'. आता अडसर फक्त या एका ड्रायव्हरसाठी सैल.

पुन्हा 'बिझी'. अर्धा तास शोधलं. फाइलीचं नाव मी नुसतं 'आयटी८७' ठेवलं होतं. त्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी '.कॉन्फ' नसेल तर फाइल वाचली जात नाही. नाव बदललं, चाललं.

खिडकीवरचं भांडण प्रत्यक्षात होतंय का ते बघायला पुढे जमेल तेव्हा नोंदी तपासत राहिले. दर मिनिटाला एक ओळ, दोन दिवसांच्या २,८८० ओळी. त्यात अचानक उडालेला एकही आकडा नाही. याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण वाचण्यापुरतं मला पुरे वाटलं. चिपवर लिहिण्याबाबत मी याहून जास्त सावध आहे, ते पुढे येईल.

२२ एप्रिल, मंगळवार

मशीन काल दुपारी पुन्हा बंद पडलं. नोंदींची फाइल आनंदाने उघडली. शेवटच्या काही ओळींच्या जागी नुसती रिकामी चिन्हं. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप तोच नेमका गेला. फाइलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही, काही वेळ मेमरीत थांबतं. वीज एकदम तुटली की ते तिथेच संपतं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीनंतर 'सिंक' टाकलं.

शिवाय दर मिनिटाला एक ओळ फार विरळ आहे. दर दोन सेकंदांना केली. त्याहून भरभर करून उपयोग नाही, आयटी८७ ड्रायव्हर दीड सेकंदाच्या आत पुन्हा विचारलं तर जुनाच आकडा देतो.

नोंदीत ठेवलं एवढंच: वेळ, पॅकेजचं तापमान, टेम्प१, फॅन१, १२ व्होल्ट, ५ व्होल्ट. जास्त रकाने केले की मी वाचत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

खोली ४१, चार पानं एकदम: पॅकेज ९४ अंश, पंखा २,१५० फेऱ्यांवर. हे फार आहे.

कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारला. पंख्याची पाती हाताने धरून ठेवा, वाऱ्याने उलटी गरगरू देऊ नका. धुळीचा पंख्याखाली नमद्यासारखा थर बसला होता, कात्रीच्या टोकाने अख्खा उचलून निघाला. पण खरा दोष त्यानंतर दिसला. या कूलरला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात, बोर्डाच्या भोकांत दाबून 'टक' करून बसणाऱ्या. रॅमकडची एक खुंटी बोटाने हलत होती. तिच्या डोक्यावरची खाच बाणाच्या दिशेला वळलेली, म्हणजे सोडवलेल्या स्थितीत. कुणीतरी कधीतरी काढून परत बसवताना ती राहून गेली असणार. कूलर तीन पायांवर उभा होता.

प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. ती पुसून काढली, नवीन तुरीच्या दाण्याएवढी लावली, खुंट्या तिरप्या जोडीने दाबल्या. पेस्ट १८० रुपये. चारही खुंट्यांची टोकं बोर्डाच्या मागच्या बाजूने बाहेर आलेली दिसतात का, हे बॅटरी लावून पाहिलं.

तेवढीच खोली, तेवढंच काम: ७६ अंश, पंखा १,७०० च्या आत. अठरा अंशांचा फरक! मला वाटलं काम झालं.

जाता जाता: टेसरॅक्ट एकेका पानाला स्वतःच चार धागे (समांतर चालणारी कामं) वापरतं. चार पानं एकदम लावायची असतील तर 'ओएमपी_थ्रेड_लिमिट=१' द्या. नाहीतर सोळा धागे चार कोअरवर भांडतात, उष्णता वाढते आणि पानंही उशिरा होतात.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी २:५० ला बंद.

या वेळी फाइल शाबूत होती. शेवटच्या ओळींत तापमान ७४, ७४, ७४, ७४. आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ११.७३, ११.६८, ११.५३, ११.३९. त्यापुढे काही नाही.

मी ते आकडे पुन:पुन्हा वाचले. दोन आठवडे उष्णतेच्या मागे होते. खरं तर आधीच लक्षात यायला हवं होतं: हा प्रोसेसर १०५ च्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, काम मंदावतं, आणि त्याहीपुढे गेला तरच बंद करतो. ९४ ला बंद पडायचं कारणच नव्हतं. कूलर वाईट होता हे खरं, पण बंद पडण्याचं कारण ते नव्हतं.

चिपवर आंधळा विश्वास नको म्हणून दादांचा मल्टिमीटर पुन्हा आणला. आधी प्रोसेसरला वीज देणारा चार पिनांचा कनेक्टर आणि चोवीस पिनांचा मोठा, दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवले. फरक नाही. मग चार पानं लावून मीटर बघत बसले. चिप ११.४४ म्हणाली तेव्हा मीटर ११.४२. पंधरा मिनिटांपूर्वी, मशीन निवांत असताना, दोन्हीकडे ११.९८ होतं. एसएमपीएसच्या जाळीतून येणारी हवा हाताला चटका देण्याइतकी गरम.

सकाळी थंड असताना भार पेलतो, दुपारी तापल्यावर नाही. दोन ते चार ही वेळ इथे जुळली. १९ तारखेला तो गुणक नीट काढला नसता तर या रकान्यात १७ च्या घरातले आकडे असते आणि मी तो रकानाच काढून टाकला असता.

२९ एप्रिल, मंगळवार

नवा ४५० वॉटचा एसएमपीएस, २,३५० रुपये. समितीची मंजुरी मिळायला एक दिवस लागला. छापलेल्या नोंदी आणि मीटरचा फोटो सोबत दिला, त्यामुळे कुणी प्रश्न विचारला नाही. बसवायला पाऊण तास.

निवांत १२.०७. चार पानं, दुपारी तीन, खोली ४१: १२.०२. एका पायरीचा फरक. तासभर समोर बसून पाहिलं, हलला नाही.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, झेंडावंदनानंतर सुटी. दोन उरलेली कामं.

डिस्कचं तापमान. हार्डडिस्कसाठी पूर्वी एचडीडीटेम्प वापरत, डेबियन १२ मध्ये ते पॅकेज नाही. आता कर्नलमध्येच ड्राइव्हटेम्प आहे, ५.६ पासून. 'मॉडप्रोब ड्राइव्हटेम्प', संपलं. डिस्क ४७, तिची स्वतःची मर्यादा ६० असं ड्रायव्हरच सांगतो.

पंख्यांचं नियंत्रण. फॅनकंट्रोल पॅकेज बसवून 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' चालवलं. हा कार्यक्रम एकेक पंखा थांबवून बघतो, म्हणून मशीनवर काम नसतानाच चालवा. मागचा पंखा तीन तारांचा निघाला. वेग सांगणारी तार आहे, वेग बदलायला सांगणारी चौथी नाही, तो आपला एकाच वेगाने फिरत राहिला. प्रोसेसरचा चार तारांचा, तो ऐकतो. ४५ पासून वाढवत ७५ ला पूर्ण, असं ठरवलं, छान चाललं.

रीस्टार्ट केल्यावर फॅनकंट्रोल सुरूच होईना. म्हणतो, ही फाइल जुनी झाली. कारण सकाळचा ड्राइव्हटेम्प. कर्नल प्रत्येक सेन्सरगटाला 'एचडब्ल्यूमॉन०, १, २' असे क्रमांक देतो ते सुरू होण्याच्या क्रमाने, आणि नवीन गट आल्यावर ते सरकले. फॅनकंट्रोल क्रमांकासोबत नावही तपासतो म्हणून थांबला, हे बरंच झालं. नाव न तपासणारी माझी स्वतःची नोंदींची स्क्रिप्ट मात्र रीस्टार्टपासून डिस्कचं तापमान 'बोर्ड' म्हणून लिहीत होती. ती आता प्रत्येक फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचून गट शोधते.

फॅनकंट्रोल मी काढून टाकला. बायोसचं स्वतःचं पंखानियंत्रण ठीक चालतंय. शिवाय चिपवर सतत लिहायचं म्हणजे त्या खिडकीवरच्या भांडणात उतरायचं. या मशीनवर माझ्या पाठीमागे ग्रंथपालबाई एकट्या असतात, तेव्हा पंख्याचा वेग लिनक्सच्या एका सेवेवर टांगून ठेवावा असं मला वाटत नाही. मी फक्त वाचते. ८५ च्या वर गेलं किंवा १२ ची तार ११.५० च्या खाली आली की स्क्रिप्ट नवीन पान घेणं थांबवते आणि पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत सूचना दाखवते.

४ मे, रविवार

नवीन एसएमपीएसला सहावा दिवस. एकदाही बंद नाही, दुपारचं कामही पूर्ण चार पानांनी चालू.

खर्च: सेल ४०, पेस्ट १८०, एसएमपीएस २,३५०. एकूण २,५७०. वेळ माझ्या वहीप्रमाणे ३१ तास, त्यातले किमान नऊ चुकीच्या वाटांवर: न हलणारं २७.८, 'फोर्स_आयडी', दुसऱ्याची फाइल, '.कॉन्फ' आणि 'सिंक'.

जुन्या एसएमपीएसला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं: 'भाराखाली १२ व्होल्ट ११.३९ पर्यंत पडतात. बसवू नये. २७-४-२०२५.' माळ्यावर ठेवला. सेन्सरची फाइल आणि स्क्रिप्ट दोन्ही छापून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, बोर्डाच्या मॉडेलसकट. स्मरणिकांची १,१४० पानं शिल्लक आहेत. उद्या सकाळी पहिली त्यातली सगळ्यात जीर्ण घ्यायची.